पावसाळ्यापुरत्या शेळ्या: इंदूरजवळच्या माळावरचा चार महिन्यांचा हिशोब

इंदूरच्या आसपास ज्यांची थोडीफार शेती आहे आणि त्यातला एखादा खडकाळ तुकडा वर्षानुवर्षं नुसता पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचं घर राजेंद्रनगरला, शेत खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे, आणि त्यातला ५ एकर माळ इतका उथळ की सोयाबीनसुद्धा धड येत नाही. पण पावसात तिथे गुडघाभर गवत उभं राहतं आणि आधी काय व्हायचं, ते दरवर्षी वाळून जायचं नाहीतर कुणीतरी जाता येता पेटवून द्यायचं. आता त्या गवतावर मी जुलै ते दिवाळी बोकडं ठेवतो आणि दिवाळीनंतर गोठा रिकामा. वर्षभराचं शेळीपालन म्हणजे माद्या, वेत, उन्हाळ्यातला चारा, तो पूर्ण वेगळा धंदा आहे आणि नोकरी सांभाळून तो होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. चार महिन्यांचा मात्र होतो, फक्त एक गोष्ट आधी पक्की करायची, की जनावर किती घ्यायचं हे खिशातल्या पैशावर ठरत नाही, गवतावर ठरतं.

तर आधी गवत मोजा. हे सप्टेंबरमध्ये करायचं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या खरेदीसाठी या वर्षीच. एक मीटर बाय एक मीटरची चौकट बांबूची करा, माळावर आठ-दहा ठिकाणी टाका, चांगल्या जागीच नाही तर खडकावर पण टाका, आतलं गवत विळ्याने कापा, उन्हात कडक वाळवा आणि वजन करा. आमच्याकडे सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास आलं. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी साधारण ८०० किलो वाळलेलं गवत. यातलं निम्मंच आपलं समजा, कारण निम्मं पायाखाली जातं आणि थोडं राहिलंच पाहिजे नाहीतर पुढच्या वर्षी मुळं दमतात आणि माळावर नुसती टाकळा-घाणेरी उरते. उरले ४००. करडू दिवसाला आपल्या वजनाच्या साडेतीन टक्के सुका चारा खातं, सरासरी १६ किलोचं धरलं तर दिवसाला साधारण ५६० ग्रॅम, ११० दिवसांचे ६० किलोच्या वर. म्हणजे एकरी ६, आणि ५ एकरावर ३०. बांधावर बोरी, बाभळी, सुबाभूळ असेल तर त्याचा पाला वरचा बोनस, पण तो हिशोबात धरू नका. पहिल्या वर्षी मी न मोजता ५० आणली होती आणि दसऱ्याच्या आत माळ घासून निघाला, मग विकत भुसा घेऊन ती खायला घातली आणि जे कमवलं ते सगळं भुशातच गेलं.

सुबाभळीचा पाला बोकडं अगदी आवडीने खातात पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर देऊ नये.

आता खरेदी. माझ्या मते सगळ्या धंद्याचा निम्मा फायदा इथे ठरतो. घ्यायची ती ३ ते ४ महिन्यांची, दूध सुटलेली, नर करडं, १० ते १२ किलोची. नरच का, तर वाढ मादीपेक्षा जास्त, आणि मिश्र कळप ठेवला की चार महिन्यांपासूनच एकमेकांच्या मागे लागतात, मग ना धड चरतात ना धड वाढतात. जात कुठली हा प्रश्न सगळे आधी विचारतात, मी तो शेवटी विचारतो. सिरोही आमच्या हवेला छान, राजस्थानातली काटक जात, अंगाने पण भरते. बरबरी लहान चणीची, गोठ्यात बांधून पाळायला जास्त बरी. जमुनापारी दिसायला देखणी पण पावसाळ्यात माळावर तिचे नखरे सोसवत नाहीत. आणि गावातली साधी देशी काळी-तांबडी बकरी जर नीट दूध पिऊन वाढलेली असेल तर तिच्यासारखं चिवट काही नाही, मी निम्मी तीच घेतो.

वेळ म्हणाल तर जूनचा शेवट ते जुलैचा पहिला आठवडा. पेरणीच्या वेळी बियाणं, खत यासाठी घरोघरी पैसा लागतो म्हणून महू-मानपूरकडच्या खेड्यांत लोक त्याच दिवसांत करडं काढतात. हाटातून एकदम तीस घेण्यापेक्षा गावात घरोघरी फिरून तीन-चार घरांतून घ्या, थोडं फिरावं लागतं, चहा प्यावा लागतो, पण हाटात दहा गावची जनावरं नाकाला नाक लावून उभी असतात आणि एकाला पीपीआर (शेळ्यांचा झपाट्याने पसरणारा, जीवघेणा साथीचा रोग) असला तर तुम्ही तो स्वतःच्या गाडीतून घरी आणता. घेताना मी असं बघतो: खालची पापणी ओढायची, आत गुलाबी-लाल हवी, पांढरट असेल तर अंगात जंत आहेत. शेपटीखाली शेण चिकटलेलं नको. नाक कोरडं, खोकला नाही, गुडघे सुजलेले नाहीत, जबड्याखाली फुगवटा नाही. चार पावलं चालवून बघायचं. आणि मालकाला विचारायचं की लस दिलीये का, कधी, आणि उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघायचं.

आणि वजन करूनच घ्या. लटकता काटा आणि एक पोतं एवढंच लागतं. काटा नसेल तर टेपनेही बरं जमतं, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा, किलो येतात. २० घेर आणि २० लांबी असेल तर ८००० भागिले ६६०, म्हणजे १२ किलोच्या थोडं वर. दलाल नजरेने वजन सांगतो आणि त्याची नजर नेहमी त्याच्याच बाजूची असते, म्हणून खरेदी-विक्री दोन्हीकडे टेप खिशात ठेवा.

आणल्या दिवशी लस टोचायची घाई करू नका, प्रवासाने जनावर आधीच खचलेलं असतं. गूळ-मिठाचं पाणी द्या, भुसा आणि थोडा पाला द्या, दोन-तीन दिवस नुसतं बसू द्या. नंतर जंताचं औषध, मग पीपीआर, मग आंत्रविषाराची (इथे सगळे ईटीच म्हणतात) लस, डॉक्टरांना विचारून मध्ये अंतर ठेवून. ज्याला ईटी आयुष्यात पहिल्यांदा टोचतोय त्याला दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, हा बरेच लोक विसरतात आणि मग कोवळं गवत फुटलं की सकाळी सगळ्यात धष्टपुष्ट करडू मेलेलं सापडतं. ईटी हा असाच, हावरटासारखं खाणाऱ्यालाच आधी धरतो. पीपीआरची लस साधारण तीन वर्षं पुरते म्हणतात, आपल्याला चारच महिने हवीये पण ती वगळू नका, तो आला तर कळप रिकामा करून जातो. हे सगळं होईपर्यंत १५ ते २० दिवस नवीन कळप वेगळा, माळावर सोडायचा नाही, आणि तेवढ्यात माळावरचं गवतही वीतभर वाढतं. दोन्ही कामं एकाच वेळी होतात म्हणून ही तारीख जुळवायची. गावात सरकारी डॉक्टर लवकर मिळत नसेल तर मध्य प्रदेशात १९६२ ला फोन केला की गाडी येते, मी दोनदा बोलावलीये.

आता जंत. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पावसाळी शेळीपालन बुडतं ते इथेच. पहिल्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी माझी चार करडं गेली, आधी सुस्त झाली, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज, जुलाबही फारसा नाही, मी समजलो थंडी बाधली. तो पोटातला रक्त पिणारा जंत होता. त्याचं काम कसं चालतं ते एकदा समजून घेतलं की अर्धी औषधं वाचतात. जंताची अंडी लेंड्यांतून माळावर पडतात, ओल आणि उकाडा असला की पाच-सात दिवसांत त्यातून अळी तयार होते, ती दवाच्या पाण्यात पोहत गवताच्या पात्यावर चढते पण फार वर नाही, बहुतेक खालच्या चार इंचांत असते, करडाने ते पातं खाल्लं की पुन्हा पोटात. आणि खायला कुणी आलंच नाही तर आपल्या या उकाड्यात महिना-दीड महिन्यात बहुतेक अळ्या मरतात.

म्हणून माळाचे ८ तुकडे करायचे, एकेक साधारण अर्धा-पाऊण एकराचा. एका तुकड्यात जास्तीत जास्त ५ दिवस, म्हणजे पहिल्या दिवशीच्या लेंडीतली अळी वर चढायच्या आत कळप पुढे गेलेला असतो, आणि आठही फिरून पहिल्या तुकड्यात परत यायला ३५ दिवस मध्ये जातात. गवत चार इंचांच्या खाली चरू द्यायचं नाही, तिथपर्यंत आलं की ५ दिवस झाले नसले तरी पुढे हलवायचं. सकाळी दव असताना सोडायचं नाही, साडेनऊ-दहा वाजले तरी चालतील पण गवत कोरडं हवं. शेळीला तसाही पाऊस आवडत नाही, भिजली की आजारी पडते. आणि दर १५ दिवसांनी प्रत्येकाची पापणी बघायची, ज्याची फिकी असेल त्यालाच औषध द्यायचं. सगळ्या कळपाला दर महिन्याला एकच औषध पाजत राहिलं की जे जंत त्या औषधाने मरत नाहीत तेवढेच उरतात आणि त्यांचीच पैदास होते, मग खरी गरज पडते तेव्हा औषध लागूच होत नाही. आमच्याकडे महूला सरकारी व्हेटर्नरी कॉलेज आहे, शंका आली की पाच-सहा जनावरांच्या ताज्या लेंड्या पिशवीत घेऊन जा आणि तपासणीबद्दल विचारा, अंदाजाने दिलेल्या तीन औषधांपेक्षा ते स्वस्त पडतं.

तुकडे करायला तारेचं पक्कं कुंपण नको, परवडत नाही. नीलगाय, डुकरासाठी शेतकरी जी झटका मशीन लावतात तीच चालते, सोलरवाली, फक्त तारा खाली जवळ-जवळ चार-पाच घ्याव्या लागतात कारण करडू खालूनच घुसतं. पहिले दोन दिवस गोठ्याजवळ छोट्या चौकोनात ठेवून झटक्याची ओळख करून द्या, एकदा नाकाला लागला की मग जन्मभर लक्षात राहतो. मशीन ती खास कुंपणासाठीच बनवलेली घ्या, घरची लाइन तारेत सोडायचा विचारही मनात आणू नका, त्यात माणसं मेलीयेत.

माळावर आणि नाल्यात काय खातात तिकडे लक्ष हवं. नाल्याकाठी बेशरम असतं, जांभळ्या फुलांचं, चारा कमी पडला की शेळ्या त्याला तोंड लावतात, मग सवय लागते आणि काही दिवसांनी मान थरथरते, तोल जातो. चारा भरपूर असेल तर सहसा जात नाहीत पण तरी उपटून टाका. कोवळी किंवा पाण्याविना खुरटलेली ज्वारी, किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेले तिचे धुमारे, यात विष असतं, अगदी थोड्या वेळात जनावर जातं. सोयाबीनच्या बांधावरचं हिरवंगार गवत बघून मोह होतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये शेजारी फवारणी करून राहिलेत का ते विचारल्याशिवाय त्या बांधाला कळप लावू नका. आणि सोयाबीन काढल्यावर खळ्याजवळ सांडलेले दाणे, ते तर नकोच, पोट फुगतं आणि आंबतं, एकाच रात्रीत खेळ संपतो. माळावर कुसळी गवत असेल तर ते फुलायच्या आत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चारून घ्या, नंतर त्याची कुसळं तोंडात आणि कातडीत घुसतात.

गोठ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर पत्रा, जमीन उंच आणि कोरडी, एका करडाला पाच-सहा चौरस फूट. कोरडी हे महत्त्वाचं, पाय ओले राहिले की खुरं सडतात. रात्री मात्र चारही बाजूंनी आणि वरूनही बंद हवा, कारण चोरल, सिमरोल, महू या सगळ्या पट्ट्यात बिबट्या आहे आणि तो सहा फुटी भिंत सहज ओलांडतो. नेलंच तर वनविभागाला लगेच कळवा, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, भरपाई मिळते. आणि जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय चारू नका, त्यावरून होणारी भांडणं वेगळीच.

आता पैशाचं. आकडे तुमच्या हाटातले टाका, मी फक्त पद्धत दाखवतो. समजा भाव जिवंत वजनावर किलोला ४०० धरला. १२ किलोची ३० करडं म्हणजे १,४४,०००. नुसत्या गवतावर आणि रोज मूठभर, म्हणजे १०० ग्रॅम खुराकावर दिवसाला ६०-६५ ग्रॅम वाढ धरा, व्हॉट्सअपवर लोक २०० ग्रॅम सांगतात, त्यांच्यामागे जाऊ नका. ११० दिवसांत ७ किलो. दोन मरतील असं आधीच धरून २८ उरली, प्रत्येकी १९ किलो, ५३२ किलो, त्याचे २,१२,८००. वरचे ६८,८००. त्यातून खुराक ३३० किलो, २८ च्या भावाने ९,२४०, लस-औषध ४,५००, गाडीभाडं ६,००० आणि मीठ-मिनरल १,५००. उरले ४७,५६०. बरं वाटतं नं? आता चारायला माणूस ठेवा, दिवसाचे ४०० धरा, ११० दिवसांचे ४४,०००. राहिले साडेतीन हजार.

हा आकडा मी मुद्दाम पूर्ण मांडला कारण बहुतेक लोक मजुरी धरतच नाहीत. ३० बोकडांवर अख्खा माणूस परवडत नाही, हे आधीच मान्य करा. मग दोन मार्ग. एक म्हणजे कुंपण, ज्यात माणूस फक्त सकाळी सोडायला, पाणी बघायला आणि संध्याकाळी कोंडायला लागतो, आमच्याकडे शेतावर राहणारे दादा दुसऱ्या कामांसोबत हे करतात आणि त्यांना पगाराशिवाय विक्रीतला हिस्सा आहे, तो मी पहिल्या दिवशीच बोलून ठरवला, त्यामुळे त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण झालीये. दुसरा म्हणजे शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून शंभराचा कळप करायचा, माणूस एक, खर्च वाटून, फक्त मग सगळ्यांच्या लसी एकाच दिवशी आणि गळ्यात वेगवेगळ्या रंगाची दोरी. एक करडू मेलं की विक्रीचे ७,६०० जातात हे पण याच हिशोबात बघा, म्हणजे लसीच्या पैशात काटकसर करायची इच्छा राहणार नाही. सरकारी योजनांचं विचारतात लोक, राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान आहे, १०० माद्या आणि ५ नरांच्या युनिटला १० लाखांपर्यंत, पण ती पैदाशीच्या फार्मसाठी आहे, आपल्या या चार महिन्यांच्या कामाला ती बसत नाही.

विक्रीची तारीख इंदूरमध्ये जरा समजून घ्यावी लागते. आपला श्रावण अमावस्येनंतर लागतो पण इथल्या हिंदी पंचांगाचा सावन त्याच्या पंधरा दिवस आधीच लागलेला असतो, म्हणजे शहरात मटणाची मागणी बसते ती एक महिना नाही, जवळजवळ दीड महिना. नंतर पितृपक्ष, नवरात्र. या सगळ्या काळात आपला माल वाढत असतो म्हणून काही बिघडत नाही, उलट एखादं जनावर खरेदीत राहून गेलं असेल तर सावनात स्वस्त मिळतं. विकायला काढायचं ते दसऱ्यानंतर, तेही एकदम नाही, ज्याचं वजन भरलं ते आधी, दर आठवड्याला पाच-सहा. कळप जसा कमी होतो तसं उरलेल्यांना गवत जास्त मिळतं, आणि ऑक्टोबरात गवतातला कस उतरलेला असतोच त्यामुळे ते बरोबर जुळतं. या शेवटच्या महिन्यात खुराक १०० वरून १५०-२०० करा, पण एका दिवसात नाही, आठवडाभरात हळूहळू.

सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक कोण, तर बकरी ईदसाठी बोकड तयार करणारे. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते, २०२५ मध्ये ७ जूनला होती. कुर्बानीला बोकड वर्षाचा पूर्ण आणि बिनखोटीचा लागतो, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेलं जे करडू तुम्ही जूनमध्ये घेतलं ते नोव्हेंबरात आठ-नऊ महिन्यांचं असतं आणि पुढच्या मेपर्यंत सव्वा वर्षाच्या आसपास. ही माणसं दिवाळीच्या सुमारास असा माल शोधत असतात आणि नुसत्या किलोवर घेत नाहीत, रूप बघतात, कान, शिंगं, रंग. शिंग मोडलेलं, कान फाटलेलं असेल तर भाव पडतो, म्हणून कानात बिल्ला मारताना आणि कुंपणाच्या तारा लावताना हे डोक्यात ठेवा. माझी दरवर्षी सात-आठ अशी जातात, बाकी खाटकाला वजनावर.

मेंढ्यांचं काय, हे पण विचारलं जातं. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मेंढी ठेवू नये असं मी म्हणेन, चिखलात तिचे पाय जातात आणि लोकर ओली राहून अंग खराब होतं. राजस्थानातून जे रायका-रेबारी मेंढपाळ कळपांसकट डेरे घेऊन इकडे येतात त्यांचं फिरणं बघा, मेंढी कोरड्यातच हलवतात. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर जी नरवाई (शेतात उरलेले गव्हाचे खुंट) लोक जाळतात तिच्यावर मेंढ्या उत्तम चरतात, आणि रात्री शेतात बसवल्या की खत मिळतं, मूत मिळतं, पुढच्या सोयाबीनला फरक दिसतो. स्वतः मेंढ्या घेण्यापेक्षा मी डेऱ्यालाच बोलावतो, किती रात्री बसवायच्या आणि त्याचं धान्य-पैसे काय ते आधी बोलून घेतो. ज्या शहरावर होळ गावच्या धनगर घरातल्या मल्हाररावांच्या वंशाने राज्य केलं तिथे शेतात मेंढरं बसलेली बघून माझ्या आईला फार बरं वाटतं, ती दरवर्षी एकदा तरी बघायला येतेच. स्वतः चार-पाच मेंढ्या ठेवल्याच तर शेळीचं मिनरल मिक्श्चर त्यांना देऊ नका, त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही, तिचं वेगळं मिळतं.

दिवाळीनंतर शेवटचं जनावर गेलं की गोठ्यातलं लेंडीखत काढून ढीग लावायचा, चुना मारायचा, तारा गुंडाळून ठेवायच्या. एखादं करडू लहान राहिलं म्हणून त्याला अजून दोन महिने ठेवायचा मोह होतो, मी ठेवत नाही, माळावर तोपर्यंत त्याच्यासाठी काही उरलेलं नसतं.